गाडीतळ कोणाचा?

(गांवच्या मध्यावरील जुन्या गाडीतळावर, म्हणजे आजच्या मोटारतळावर, घरें बांधावींत कीं नाहींत याचा विचार करण्यासाठीं रहिवाशांची सभा भरली होती. त्या सभेंत एका लोहारबंधूंनीं केलेलें भाषण इतर गांवच्या वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहों.)



भाषण करण्याची मला संवय नाहीं. जन्म गेला घण मारण्यांत, आणि घणाला शब्दांचें काम नसतें. पण ज्या जागेबद्दल आज आपण येथें जमलों आहों, त्या जागेच्या कडेला माझ्या घराण्याची भट्टी तीन पिढ्या पेटत आली आहे; म्हणून मंडळींनीं मला उभें केलें. बोलतांना कांहीं चुकलें तर पोटांत घालावें.

आधीं ही जागा काय होती तें तरुण मंडळींना सांगतों. बाजारच्या दिवशीं पहाटेपासून खेड्यांतल्या बैलगाड्या येथें येऊन सुटत. जूं खालीं टेकलें कीं बैल हौदाकडे आणि धनी बाजाराकडे. चाकाची धाव सैल झालेली असली तर गाडी माझ्या वडिलांच्या दाराशीं येई. धाव लाल तापवायची, चौघांनीं चिमट्यांत धरून चाकावर बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या, कीं ती आवळून बसे. ज्याच्यापाशीं पैसे नसत तो सुगीवर बलुतें देई. बैलाला पाणी, माणसाला लिंबाची सावली, आणि रात्र झाली तर गाडीखालीं घोंगडी टाकून निजायला जागा, असा हा तळ होता. तो कोणा एकाच्या मालकीचा नव्हता, म्हणून साऱ्यांचा होता.

पुढें ट्रॅक्टर आले, टेंपो आले. बैलगाड्या गेल्या, हौद बुजला, लिंब तुटला, जमिनीवर डांबर पडलें. आज तेथें मोटारी उभ्या राहतात. नांव मात्र अजून गाडीतळच आहे. गाड्या बदलल्या, त्यांत वाईट कांहीं नाहीं. काळ कोणासाठीं थांबत नाहीं. पण गाड्यांबरोबर गाडीवालेही बदलले, हें ध्यानांत ठेवा. पूर्वीं ज्याला चार बिघे जमीन तोही येथें गाडी सोडी. आज ज्याला मोटार आहे त्यालाच हा तळ उपयोगाचा.

आतां या जागेवर घरें बांधायचीं असें बोलणें निघालें आहे. कोणी म्हणतो गोरगरिबांसाठीं, कोणी म्हणतो खालीं दुकानें आणि वर विकायच्या खोल्या, कोणी म्हणतो सारें एका बिल्डरच्या हवालीं होणार. कागद आपणांपैकीं कोणींच पाहिलेला नाहीं. बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी, तशी आपली गत झाली आहे. म्हणून आम्ही चारपांच जणांनीं ठरविलें कीं, भांडण करण्यापूर्वीं घरोघर जाऊन लोकांना विचारावें. आठ दिवस संध्याकाळीं आम्ही फिरलों. जें ऐकलें तें तसेंच आपणांपुढें ठेवतों; त्यांत माझ्या पदरचें कांहीं मिसळत नाहीं. माझें मत मागाहून सांगेन.

एक किराणा दुकानदार म्हणाले, "तळ गेला तर गिऱ्हाईक गाडी कोठें लावील? तें सरळ हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानांत जाईल, आणि आम्ही माशा मारीत बसूं." त्यांचें म्हणणें खोटें नाहीं.

भाजी पिकविणारा एक शेतकरी म्हणाला, "मी पहाटे चारला टेंपो घेऊन येतों. मला दोन तास जागा मिळाली तर माल उतरेल. नाहीं तर रस्त्यावर उभा राहीन आणि दंड भरीन."

भाजी विकणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "मला तुमची मोटारही नको आणि माडीही नको. तळाच्या कडेला चार हात जागा आहे, तीवर माझें घर चालतें. काम कोणतेंही काढा, आधीं उठवितात तें आम्हांलाच."

एक शिंपीदादा एकाच खोलींत राहतात. त्याच खोलींत शिलाईचें यंत्र, तेथेंच चूल, तेथेंच मुलांचा अभ्यास. थोरल्या मुलासाठीं स्थळें पाहतात, पण मुलीकडचे लोक खोली पाहून परत जातात. ते म्हणाले, "भाडें दर वर्षीं वाढतें, खोली कांहीं वाढत नाहीं."

एक निवृत्त मास्तर म्हणाले, "बांधतील गरिबांच्या नांवानें, घेतील पैसेवाले, आणि कुलूप लावून ठेवतील. मीं असे प्रकार दुसऱ्या गांवीं पाहिले आहेत."

तरुण पोरें म्हणालीं, "गांवांत एवढीच एक मोकळी जागा आहे. जत्रेचा पाळणा येथें, सभा येथें, रविवारचा खेळ येथें. तीही बुजवली तर आम्हीं जायचें कोठें?"

आणि शेवटीं सांगतों तें ऐका. गांव झाडणाऱ्या एका ताईंना आम्हीं विचारलें. त्या पहाटे चारला निघून गांवाच्या टोकावरून चालत येतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, झाडायला मी गांवाच्या मध्यावर, आणि राहायला मात्र गांवाबाहेर. तुमच्या सभेंत एवढें एकच विचारा, कीं मध्यावर राहायचा हक्क कोणाचा?"

मंडळी, ज्याचें जळतें त्यालाच कळतें. या सगळ्या बोलण्यांत एकही माणूस खोटें बोललेला नाहीं. दुकानदारही खरा, मावशीही खऱ्या, शिंपीदादाही खरे. मग निवाडा कसा करायचा? मी माझ्यापासूनच सुरुवात करतों. पहिल्या दिवशीं मी घरांच्या विरोधांतच होतों. कां? माझ्याकडे खिडकीची जाळी करायला किंवा ट्रॅक्टरचा फाळ सांधायला जो येतो, तो आपली गाडी याच तळावर लावतो. माझ्या पोटाचा प्रश्न होता. त्याला मीं गांवाच्या हिताचें नांव दिलें होतें. आपणांपैकींही पुष्कळांचें असेंच होत असेल. म्हणून मीं लोहारी हिशेब केला. तो साधा आहे.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे सुमारें ४०४७ चौरस मीटर. उघड्या तळावर एका मोटारीला, तिच्या ये-जा करण्याच्या वाटेसह, सुमारें २३ चौरस मीटर जागा धरतात. म्हणजे एका एकरांत सुमारें पावणेदोनशें मोटारी. आतां घर पाहा. २०१५ सालीं प्रधानमंत्री आवास योजना निघाली, तींत अगदीं गरीब कुटुंबाच्या घराचें चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरलें होतें. एका मोटारीला उभी राहायला २३, आणि नवराबायको, म्हातारी आई व दोन मुलें यांना जगायला ३०! बरें, मोटारीवर मोटार रचतां येत नाहीं. त्यासाठीं मोठा खर्चाचा मनोरा बांधावा लागतो. घरावर घर मात्र सहज चढतें. एका एकरापैकीं निम्मी जागा अंगण, वाट आणि झाडें यांना सोडली, आणि उरलेल्या निम्म्यावर तीन मजले चढविले, भिंती व जिने धरून घराला ४० चौरस मीटर दिले, तरी सुमारें दीडशें कुटुंबें राहतात. आपला तळ एकराहून लहान कीं मोठा हें मोजणीच्या नकाशावरून पाहावें. हिशेबाची रीत तीच.

कोणी म्हणेल, तळ तर फुकट आहे, त्याचा गांवाला बोजा कसला? बाबांनो, फुकट असें जगांत कांहीं नसतें. डांबर कोणाच्या पैशाचें? दिवे, झाडलोट, गटार कोणाच्या पैशाचीं? नगरपालिकेच्या तिजोरींतलीं, म्हणजे आपल्या पट्टीचीं. ज्याच्या दारांत सायकलही नाहीं तोही घरपट्टी भरतो, आणि भाडेकरू ती भाड्यांतून भरतो. अमेरिकेंत डोनाल्ड शूप नांवाचे एक प्राध्यापक होते. त्यांनीं २००५ सालीं फुकट मोटारतळांची किंमत या विषयावर जाडजूड ग्रंथच लिहिला. त्यांचें सार असें कीं, मोटारवाल्याला जागा फुकट मिळते तेव्हां तिचें मोल दुसरे कोणीतरी मोजीत असतात, आणि त्यांत मोटार नसलेलेही असतात. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण आपल्याकडे त्या ग्रंथाच्या कितीतरी आधीं झाली.

यावर विचारणारा विचारील, "मग दुकानदाराचें काय? शेतकऱ्याच्या टेंपोचें काय?" प्रश्न रास्त आहे. पण घरें कीं तळ, असें एकच कांहीं निवडावें लागतें हें गृहीत कां धरायचें? जर्मनीत म्युनिक शहरीं दांतेबाद नांवाच्या पोहण्याच्या तलावाजवळ एक मोटारतळ होता. शहराच्या घरबांधणी संस्थेनें २०१६ सालीं त्या तळावर खांब उभे करून वर १०० घरें बांधलीं, तीं मुख्यतः लांकडाचीं, आणि खालीं मोटारी पूर्वींसारख्या उभ्या राहतात. कमी मिळकतीचे लोक आणि परदेशांतून आश्रयाला आलेले लोक तेथें राहावयास आले. इंग्लंडांत ब्रिस्टल शहरीं नगरपालिकेच्या एका तळावर अशाच रीतीनें खांबांवर ११ छोटीं घरें उभीं केलीं, आणि तळ खालीं कायम ठेवला. घरांचे भाग कारखान्यांत तयार करून आणून जोडले. मी कांहीं तिकडे गेलेला नाहीं, आणि तिकडलें तें सारें चांगलें असें म्हणणाराही नाहीं. पण लोखंडाचें काम करणारा माणूस एवढें समजतो कीं, खांब जेथें उभा राहतो तेथें खालची जागा मोकळी राहते. आपल्या एका एकराच्या हिशेबांत, इमारतीखालीं साठसत्तर गाड्यांची किंवा तेवढ्याच जागेंत भाजीच्या कट्ट्यांची सोय होऊं शकते. पहाटे शेतकऱ्याचे टेंपो, दिवसा मावशींचे कट्टे, रात्रीं रहिवाशांच्या दुचाकी. एकच जागा तीन वेळां कामाला येते.

तेव्हां घरें व्हावींत, असें माझें मत झालें आहे. पण थांबा, टाळ्या वाजवूं नका. घरें व्हावींत, एवढें म्हणून भागत नाहीं. कोणासाठीं, कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या शब्दानें, हें ठरल्यावांचून जो होकार देईल, तो आपल्या हातानें आपल्या पायांवर धोंडा पाडून घेईल.

नगरपालिकेंत गरिबाच्या बाजूनें प्रश्न विचारणें ही आपली जुनी रीत आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणें नगरपालिकेचे सभासद होते. ते स्वतः बांधकामाचे ठेके घेत. चुना, दगड आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. पुण्याच्या भाजीबाजारासाठीं मोठ्या खर्चाची इमारत बांधण्याचें निघालें, तेव्हां त्यांनीं त्या खर्चाला विरोध केला. गांवाचा पैसा आधीं गरिबांच्या शिक्षणाकडे जावा, असें त्यांचें म्हणणें. त्याआधीं १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास आले, तेव्हां त्यांच्या स्वागताला एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला होता. त्याच्या विरुद्ध एकट्या फुल्यांनीं मत दिलें. मंडई १८८६ सालीं बांधून झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव मिळालें. पुढें तीच मंडई महात्मा फुले मंडई झाली! विरोध करणाऱ्याचेंच नांव इमारतीला लागलें. यांतून घ्यायचें तें एवढें कीं, इमारत उंच झाली म्हणून गांवाचें हित झालें असें नव्हे. हा खर्च कोणासाठीं, हें विचारणारा एक तरी माणूस सभागृहांत पाहिजे; आणि सभागृहांत नसेल तर सभागृहाबाहेर हजार पाहिजेत.

दुसरी गोष्ट मुंबईची, आणि ती आपल्या घरची आहे. या सभेंत बसलेल्यांपैकीं कित्येकांचे काका-मामा गिरणींत होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखालीं संप झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. गिरण्या बसल्या, माणसें गांवाकडे परतलीं, पण गिरण्यांची जमीन परळ-लालबागला, शहराच्या ऐन मध्यावर, तशीच राहिली. १९९१ च्या नियमांत असें ठरलें कीं, ती जमीन नव्या कामाला काढतांना ठोकळमानानें तीन वांटे करावे: एक शहराला मैदान-बागांसाठीं, एक म्हाडाला सामान्य लोकांच्या घरांसाठीं, आणि एक मालकाला. ऐकायला किती गोड! पण २००१ सालीं नियमांत दुरुस्ती झाली. वांटणी साऱ्या जमिनीची नव्हे, तर जिच्यावर बांधकाम नाहीं तेवढ्या मोकळ्या जमिनीची करायची, असें ठरलें. आतां गिरणीच्या आवारांत शेड, गोदाम, चिमणी, कचेरी हें सारें उभें असतांना मोकळी जमीन ती किती उरणार? लोक कोर्टांत गेले. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती कायम केली. कामगारांच्या घरांसाठीं पुढें सोडती निघाल्या, पण अर्ज लाखाहून अधिक आणि घरें थोडक्या हजारांत, अशी स्थिति झाली. मैदानें आणि घरें आटलीं तीं "मोकळी" या एका शब्दानें! लेखणीच्या एका टोकानें गेलें तें घणाच्या हजार घावांनीं परत मिळालें नाहीं. म्हणून मी म्हणतों, भाषणांतल्या आश्वासनाकडे पाहूं नका, ठरावांतला शब्द पाहा.

तिसरी गोष्ट जरा सुखाची. पुण्याजवळ नव्हे, पुण्यांतच येरवड्याला झोपड्यांची वस्ती होती. सरकारी योजनेंतून तिचीं घरें सुधारण्याचें काम निघालें. त्यांत वस्तींतल्या बायकांची महिला मिलन ही संघटना आणि स्पार्क ही संस्था यांनीं पुढाकार घेतला. ज्यांचीं घरें पक्कीं होतीं त्यांना हात लावला नाहीं. ज्यांचीं कच्चीं होतीं तेवढींच पाडून त्याच जागीं सुमारें २७० चौरस फुटांचीं नवीं बांधलीं. कुटुंबानें खर्चाचा दहावा हिस्सा दिला, बाकीचा सरकारनें. नकाशे करणारे वस्तींत येऊन बायकांशीं बोलले. माणसें उठून शहराबाहेर गेलीं नाहींत. शेजार मोडला नाहीं, काम सुटलें नाहीं. ज्याला राहायचें त्याला विचारून बांधलें तर काय होतें, त्याचा हा दाखला.

आतां जी गोष्ट उघड बोलायला कोणी तयार नाहीं, ती बोलतों. आमच्या फेरींत एका गृहस्थांनीं मला बाजूला घेऊन सांगितलें, "घरांना आमची ना नाहीं हो. पण त्या लोकांना आणून पेठेच्या मध्यावर बसवूं नका. शोभा जाईल, घरांचे भाव पडतील." मीं विचारलें, "ते लोक म्हणजे कोणते?" गृहस्थ खालीं पाहूं लागले. बंधूंनो, मोटारतळ वांचविण्याच्या ओरड्यांत थोडा आवाज मोटारींचा आहे, आणि थोडा या भीतीचा आहे. पांच-दहा पिढ्या गांवाची रचना अशी होती कीं, ज्यानें गांव स्वच्छ ठेवायचें, कातडें कमवायचें, दोर वळायचे, त्यानें वेशीबाहेर राहायचें. वेस पडली, तिचे दगड लोकांनीं घराच्या पायांत घातले, पण मनांतली वेस कांहीं पडली नाहीं. आणि हें मी फक्त वरच्या लोकांना सांगत नाहीं. आम्ही लोहार, सुतार, शिंपी, माळी, कुणबी, आम्हीही आमच्याखालीं कोणी तरी आहे या समाधानांत राहतों. उद्यां शिंपीदादांना खोली मिळाली आणि शेजारची खोली झाडणाऱ्या ताईंना मिळाली, तर शिंपीदादांनीं "शेजारी असावा तर असा" म्हणावें. तेवढें मन आपलें नसेल तर घरें मागण्याचें तोंड आपल्याला नाहीं.

आतां अटी सांगतों. त्या आम्हीं घरोघर ऐकलेल्या बोलण्यांतूनच काढल्या आहेत.

पहिली अट: जमीन गांवाची राहिली पाहिजे. नगरपालिकेची स्थावर मिळकत कायद्याप्रमाणें शासनाच्या मंजुरीवांचून दुसऱ्याला देतां येत नाहीं. ती विकूं नये, कायमची कोणाच्या घशांत घालूं नये. विकलेला तळ पुन्हां मिळत नाहीं.

दुसरी अट: घरें कोणासाठीं, किती आणि किती भाड्यानें, हें ठरावांत आंकड्यांनीं लिहिलें पाहिजे. मास्तरांची भीति खरी आहे. म्हणून निदान निम्मीं घरें विक्रीचीं नसून भाड्याचीं असावींत, आणि तीं गांवांत राबणाऱ्यांना मिळावींत. जीं विकायचीं तीं कुलूप लावून ठेवणाऱ्याला मिळूं नयेत, अशी शर्त करारांतच असावी.

तिसरी अट: भाजीवाल्या मावशींची जागा आधीं, इमारतीचा पाया मागाहून. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणें विक्रेत्यांची पाहणी होऊन त्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्यांना उठवितां येत नाहीं. त्या कायद्याखालीं जी नगर पथविक्रेता समिति असते, तींत शेंकडा ४० सभासद विक्रेत्यांचे असावे लागतात, आणि त्यांत एक तृतीयांश बायका. आपल्या गांवची समिति कोठें आहे, केव्हां बसते, हें विचारायला मावशींनींच पुढें व्हावें. आम्ही त्यांच्या मागें उभे राहूं.

चौथी अट: तळमजल्यावर कारागिरांसाठीं कांहीं गाळे असावेत. शिंपी, चांभार, लोहार, सायकल दुरुस्त करणारा, यांना वर राहायला आणि खालीं काम करायला मिळालें, तर अर्धा संसार सावरतो. माझ्या भट्टीचा आवाज वरच्यांना सोसणार नाहीं, हें मला ठाऊक आहे. मी माझ्यासाठीं गाळा मागत नाहीं.

पांचवी अट: शेतकऱ्याच्या टेंपोला पहाटेची जागा फुकट, दवाखान्यांत आलेल्या आजाऱ्याच्या वाहनाला जागा फुकट, आणि दिवसभर मोटार ठेवणाऱ्याला तासाप्रमाणें भाडें. त्या भाड्यांतून बायकांसाठीं स्वच्छ शौचालय आणि पिण्याच्या पाण्याचा नळ व्हावा. बाजारला आलेल्या आयाबहिणींचे हाल आपण रोज पाहतों, आणि पाहून न पाहिल्यासारखे करतों.

सहावी अट पोरांची: निम्मी जागा मोकळी. तींत झाडें लावावींत, पाळणा यावा, सभा भरावी. मोकळी म्हणजे काय, हें नकाशांत रेघ मारून दाखवावें. मुंबईचा धडा एकदांच पुरे.

आतां शेवटचें, म्हणजे करायचें काय. विकास योजनेंत ही जागा वाहनतळासाठीं राखलेली असेल, तर तीवर घरें बांधण्यासाठीं योजनेंत फेरबदल करावा लागतो. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यांत त्याची रीत सांगितली आहे. आधीं राजपत्रांत जाहीर नोटीस, तींत कोणाही माणसाला हरकती व सूचना देण्यासाठीं एक महिन्याची मुदत, नंतर सुनावणी, आणि मग शासनाकडे मंजुरी. एक महिना म्हणजे तीस दिवस. त्यांतले पंधरा आपण कुजबुजण्यांत घालवतों, दहा एकमेकांना दोष देण्यांत, आणि उरलेल्या पांचांत कोणाचें तरी लग्न निघतें. तसें होऊं देऊं नका. आजच माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज टाका. दहा रुपयांचा अर्ज आहे, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. मोजणीचा नकाशा, ठरावाची नक्कल आणि बिल्डरशीं कांहीं बोलणें झालें असेल तर त्याचा कागद, हीं तीन मागा.

आणखी एक. कोणी घरोघर कोरा कागद घेऊन येईल, "घर पाहिजे ना? मग येथें अंगठा उठवा" म्हणेल. कोऱ्या कागदावर अंगठा उठवूं नका. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यावें. आपल्या पोरी आतां वाचतात; त्या वाचनाचा उपयोग हाच.

माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगून बसतों. धाव चढवतांना ते म्हणत, "लोखंड लाल आहे तोंवर हात चालवा, एकदां काळें पडलें कीं तें तुमचें ऐकत नाहीं, तुम्हांला त्याचें ऐकावें लागतें." या तळाचें लोखंड आज लाल आहे. नकाशा अजून पक्का झाला नाहीं, ठराव अजून लिहिला गेला नाहीं. आतां घाव घातला तर आकार आपल्या हातचा. गांव करी तें राव न करी, असें म्हणतात. तें खरें करून दाखवायचें तर उद्यां संध्याकाळीं दिवेलागणीनंतर माझ्या भट्टीपाशीं या. हरकतींचा कागद तेथें लिहायला घेऊं. दुकानदारांनींही यावें, मावशींनींही यावें. आणि झाडणाऱ्या ताई आल्या तर पहिली सही त्यांची, कारण खरा प्रश्न त्यांनींच विचारला.